नाल्याच्या पाण्याची परीक्षा

नागपुरात ज्याला सगळे सरसकट ‘नाला’ म्हणतात तो नाला नाही, नदी आहे. नाग नदी. नागपूरच दीक्षेसाठी का निवडले, हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांबरोबर या नदीचाही उल्लेख केला होता. लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावातून ती शहरात शिरते आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेला बाहेर पडते. पुढे पिवळी नदी तिला मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, आणि शेवटी हे सारे पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणात जाऊन साठते. पवनी म्हणजे जिथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले, तेच गाव. म्हणजे आम्ही इकडे जे सोडतो ते तिकडे पोहोचते.

या नदीच्या काठावरच आमची वस्ती. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला आणि काठच्या घराघरांत पाणी शिरले, ते वाचकांना आठवत असेलच. एरवी वर्षभर नदीचा वास घरात असतोच. वरून रस्त्याने जाणारे नाकाला रुमाल लावून म्हणतात, ही घाण या वस्तीवाल्यांनीच केली. हे बोलणे मुलांच्या कानावर पडते. आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, “हे खरे आहे का?” आम्ही म्हटले, तपासून पाहू.

एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे आमचे एक धम्मबांधव मदतीला आले. तीन जागा ठरल्या. एक वस्तीच्या वर, दुसरी वस्तीच्या खाली आणि तुलनेसाठी तिसरी रामटेकच्या बाजूचा एक स्वच्छ ओढा.

पाण्यातही हवा असते, हे मुलांना प्रथम पटेना. मासे श्वास घेतात तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तीस अंश तापमानाच्या चांगल्या पाण्यात तो लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम असतो. मासे जगायचे तर निदान चार लागतो. मैला, खरकटे, साबण पाण्यात पडले की ते कुजवणारे सूक्ष्म जीव हा प्राणवायू खाऊन टाकतात. तपासायची रीत अशी : काचेची बाटली तोंडापर्यंत भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर बाहेरच्या हवेने निकाल खोटा येतो. मग त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नेमका आकडा काढायला पुढे आम्ल घालून मोजणी करावी लागते. ते काम सरांनी स्वतःच्या हाती ठेवले, मुलांना आम्लाला हात लावू दिला नाही.

रामटेकच्या ओढ्याची बाटली मातीसारखी तपकिरी झाली. तिथल्या दगडाखाली चतुराची पिल्ले सापडली. चतुर अंडी पाण्यात घालतो आणि त्याचे बालपण पाण्यातच जाते, हे आम्हालाही त्या दिवशीच कळले. नाग नदीच्या गाळात मात्र लालभडक बारीक अळ्या होत्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जेमतेम असतानाही त्या तगतात.

आणि नदीच्या बाटल्या? वस्तीच्या खालची पांढरी. वस्तीच्या वरचीही पांढरी. नदी आमच्या दाराशी येते तीच मेलेली येते.

आमची गटारेही त्याच पाण्यात पडतात, हे मुलांनी वहीत स्वच्छ लिहिले. लपवायचे असते तर तपासायचे कशाला?

वहीचे खाते आमच्याकडे होते. आमचा जन्म खतावणीत गेला, तेवढे तरी आम्हाला येते. तारीख, वेळ, जागा, तापमान, सामू, साक्याचा रंग, तपासणाऱ्याची सही. खाडाखोड चालणार नाही. चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. आणि वेळ नेहमी सकाळी आठचीच, कारण उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते आणि दुपारचे पाणी सकाळपेक्षा बरे दिसते.

खरी अडचण रसायनांची नव्हती. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई पहिल्याच दिवशी विहारात आली. तिचे वडील सफाई कामगार होते. ती म्हणाली, “माझा बाप जन्मभर गटारात उतरला. आता माझ्या पोरीनेही नाल्यात हात घालायचा का? याच्यासाठी शिकवतो का आम्ही?” आमच्याजवळ पटकन उत्तर नव्हते. दोरीची बादली, रबरी हातमोजे, हातावर जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी, पावसात काठावर जायचे नाही, हे सगळे आम्ही सांगितले. पण बाईंचा प्रश्न हातमोज्यांचा नव्हताच. उत्तर मुलीनेच दिले : “आई, मी नाला साफ करायला नाही जात. कोणी घाण केला ते लिहायला जाते.” बाई बराच वेळ गप्प बसल्या. पुढच्या रविवारी मुलगी आली, आणि तिच्या मागे आईही.

त्याच बाईंच्या आग्रहामुळे काठावरचा हातपंप तपासला गेला. त्यासाठी औषध लावलेली कागदी पट्टी असलेली बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही रीत काढली. पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्यातले जंतू असण्याचा दाट संभव. हातपंपाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झाली होती. एक आजोबा रागावले, “ऐंशी वर्षं हेच पाणी पितो आहे!” त्यांच्या सुनेने बाटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “मामंजी, तुम्ही जगलात. लेकरांना जुलाब कोणाला होतात ते मला विचारा.” त्या दिवसापासून त्या घरात पाणी उकळून, झाकून ठेवले जाते.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. मुलांना हा इतिहास पाठ आहे. काळी बाटली हातात धरून एक मुलगा म्हणाला, “त्या दिवशी तळ्यात ही पट्टी बुडवायला पाहिजे होती.” सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो.

वहीच्या नकला आणि मुलांच्या सह्यांचा अर्ज आम्ही दोन प्रतींत संबंधित कार्यालयात दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. हातपंपावर ‘पिण्यास अयोग्य’ ही पाटी मुलांनीच रंगवून लावली आणि पक्क्या तपासणीसाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे. नदीची पुढची तपासणी कार्तिक पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठला, विहारापासून सुरू होईल. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी जुने बूट घालून यावे.