मेम्ब्रेन म्हणजे तेलाची चाळणी नव्हे

शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध होतं आणि ठाणे, मीरा-भाईंदर, भिवंडीकडे जातं. तरीही घरोघरी ओट्याच्या वर आरओचं यंत्र लटकलेलं असतंच. त्यामुळे ‘मेम्ब्रेन’ म्हटलं की बहुतेकांना तेवढंच आठवतं. खाद्यतेलाच्या शुद्धीकरणातही मेम्ब्रेन वापरता येतं हे कळलं, की गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज: आरओमधून पाणी गाळतात तसंच तेलही गाळायचं.

वस्तुस्थिती: घरच्या आरओचा पडदा, म्हणजेच मेम्ब्रेन, तेलाला निरुपयोगी आहे. तो पाणी पलीकडे सोडण्यासाठी आणि क्षार अडवण्यासाठी बनवलेला असतो. सोयाबीनचं तेल पाण्याच्या पन्नासेक पट दाट. ते पडद्यातून ढकलणं सोपं नाही. द्रावक वापरून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटमध्ये तेल हेक्झेन या द्रावकात विरघळलेलं असतं. या मिश्रणाला तिथले लोक मिसेला म्हणतात. ते पातळ असतं खरं, पण हेक्झेनमध्ये कित्येक पडदे फुगतात, खराब होतात. म्हणून हेक्झेन सोसणारे खास पॉलिमर किंवा सिरॅमिक वापरावं लागतं.

गैरसमज: मोठं ते अडतं, लहान ते जातं, मेम्ब्रेनचं काम एवढंच.

वस्तुस्थिती: खरी गंमत इथे आहे. कच्च्या सोयाबीन तेलात फॉस्फोलिपिडं असतात. कारखान्याच्या भाषेत ‘गम’. ती राहिली तर तेल तळाशी गाद धरतं, तापवल्यावर काळं पडतं. आता वजनं बघा. फॉस्फोलिपिडाच्या एका रेणूचा रेणूभार साधारण 700 ते 800, आणि तेलाच्या रेणूचा 880च्या आसपास. म्हणजे जे अडवायचं तेच तेलापेक्षा हलकं! आकाराच्या हिशेबाने हे जमायलाच नको. पण हेक्झेनमध्ये गमचे रेणू सुटे राहत नाहीत. पाण्याची ओढ असलेली टोकं आत आणि तेलाची ओढ असलेली बाहेर, असे त्यांचे पुंजके होतात. पुंजक्याचा भार 20,000 आणि त्याहून पुढे जातो. मग अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा त्यांना अडवतो, तेल आणि हेक्झेन पलीकडे निघून जातात. लिव्हर ब्रदर्स कंपनीसाठी अचिंत्य कुमार सेन गुप्ता यांना या पद्धतीचं अमेरिकी पेटंट 1977 मध्ये मिळालं. म्हणजे हे ‘नवं तंत्रज्ञान’ पन्नाशीला टेकलंय. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तर हेक्झेनशिवाय, थेट तेलावर चालणाऱ्या पडद्यांवरही संशोधन झालं आहे.

आणि अडवलेला गम कचरा नसतो. त्यातूनच लेसिथिन मिळतं, जे चॉकलेट-बिस्किटांत पडतं.

गैरसमज: मेम्ब्रेन आलं की रसायनं, वाफ, भट्ट्या सगळं बंद.

वस्तुस्थिती: नाही. तेलातली मुक्त फॅटी आम्लं गमसारखे मोठे पुंजके करत नाहीत, त्यामुळे तेलाबरोबर तीही पडद्यापार जातात. नको असलेला वास काढायला निर्वात टाकीत 230 ते 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या तेलातून वाफ सोडावीच लागते. मेम्ब्रेन बदलतं ते प्रामुख्याने डीगमिंग: तेलात पाणी आणि आम्ल घालून गम फुगवायचा, सेंट्रिफ्यूजने वेगळा काढायचा, हा खटाटोप आणि त्याचं सांडपाणी. हाही फायदा लहान नाही.

गैरसमज: ‘डबल फिल्टर’ तेल म्हणजे मेम्ब्रेनचं तेल.

वस्तुस्थिती: शेंगदाणा तेलाच्या डब्यावरच्या ‘फिल्टर’चा अर्थ बहुधा कापड आणि फिल्टर प्रेस. त्यातून पेंडीचे कण, गाळ निघतो. विरघळलेलं काही निघत नाही. तेल त्यामुळे वाईट ठरत नाही, पण या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचंही कारण नाही.

गैरसमज: सॉल्व्हंटचं तेल म्हणजे हेक्झेन खाणं.

वस्तुस्थिती: हेक्झेन साधारण 69 अंशांनाच उकळतं आणि कारखाना ते उडवून, थंड करून पुन्हा वापरतो; ते वाया घालवणं त्यालाच परवडत नाही. भारतीय नियमांनुसार असं तेल रिफाइन केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही आणि त्यात हेक्झेन दशलक्ष भागांत 5 भागांपेक्षा जास्त चालत नाही. मिसेलातलं काही हेक्झेन न उकळता पडद्यानेच वेगळं करून इंधन वाचवण्याचेही प्रयोग झाले आहेत.

मग लातूर-अकोल्याच्या सोयाबीन पट्ट्यात गिरण्यागिरण्यांत हे पडदे का नाहीत? कारण पडद्यावर गमचा थर बसतो, तेलाची धार मंदावते, पडदा वरचेवर धुवावा लागतो, शेवटी बदलावा लागतो. सेंट्रिफ्यूज महाग असलं तरी दिवसरात्र चालतं, आणि कारखानदार टनांत विचार करतो. माझ्या मते यात त्याचं चुकत नाही. खाद्यतेलाच्या धंद्यात मेम्ब्रेनने खरं बस्तान बसवलं ते तेल गाळून नव्हे, तर हवा गाळून: साठवणीच्या टाकीत आणि पॅकिंगच्या वेळी तेल खवट होऊ नये म्हणून जो नायट्रोजन भरतात, तो साध्या हवेतून वेगळा काढणारी मेम्ब्रेनची यंत्रं आज बाजारात सहज मिळतात.