थंड सागराच्या प्रवासाची बांधाबांध

गेल्या चैत्रातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही पडवीत येतो न येतो तोच निपाणीकडील एक माउली पदराने डोळे टिपीत पुढे झाली. तिच्या लेकाला एका प्रवासी जहाजाच्या धुलाईखान्यात नोकरी मिळाली होती आणि ते जहाज उन्हाळाभर अलास्काच्या किनाऱ्याने फिरणार होते.

“फादर, पोरगं बर्फाच्या मुलखात निघालंय. त्याला जाड कोट घ्यायचा म्हणते. पाटल्या गहाण टाकाव्या लागतील, पण इलाज नाही.”

“बाई, पाटल्या हातातच असू द्या,” आम्ही म्हणालो. “आधी सामान तर पाहू.”

दुसऱ्या दिवशी मुलगा पत्र्याची ट्रंक घेऊन आला. आत डझनभर सुती बनियन, दोन जाड विजारी, विजेची किटली, इस्त्री आणि लोणच्याची बरणी होती. लोकरीचा मात्र एक धागा नव्हता!

वाचकहो, आपल्या भागातून गोव्याच्या वाटेने जहाजांवर जाणारे तरुण थोडे नाहीत. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले ते येथे मांडणे आम्हांस उचित वाटते.

पहिली गोष्ट ही की, असा मुलगा प्रवासी नव्हे, कामगार आहे. त्याचा बहुतेक वेळ जहाजाच्या पोटात, उबेत जातो. कामाचा गणवेश कंपनी देते. उघड्या डेकवर काम असल्यास त्यासाठी लागणारे संरक्षक कपडेही मालकानेच द्यावयाचे असतात. थंडी त्याला गाठते ती बंदरात उतरताना आणि संकटकाळच्या कवायतीसाठी डेकवर उभे राहताना.

आणि ती थंडी तरी कशी? अलास्कातील ज्युनो बंदरात ऐन जुलैतही दुपारचा पारा सरासरी सतरा-अठरा अंशांपलीकडे सहसा जात नाही, आणि पाऊस वरचेवर लागलेला असतो. बेळगावची डिसेंबरातील पहाट आणि आषाढातील झड एकत्र करावी, वर हिमनदीवरून येणारा बोचरा वारा घालावा, म्हणजे कल्पना येईल. तेथे शत्रू तिघे : गारवा, ओल आणि वारा.

या शत्रूंवरचा उपाय आपल्या घरातच आहे. आजीची गोधडी ऊब देते ती एका जाड कापडामुळे नव्हे. जुन्या लुगड्यांच्या अनेक पदरांत अडकलेल्या हवेमुळे. म्हणून एका अवजड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. धनगर भर पावसात घोंगडी घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषूनही अंगाला फारशी गार लागत नाही. सुती कापड मात्र घामाने भिजले की अंगातील ऊब ओढून घेते. तेव्हा अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर स्वेटर, आणि सर्वांवर पाणी व वारा अडविणारे हलके जाकीट. याशिवाय कानटोपी, हातमोजे आणि लोकरी पायमोज्यांचे तीन जोड. बूट पायमोज्यांसह सैल बसावेत; आवळून बसलेल्या बुटात पाय अधिकच गारठतो.

थंडीला हलके लेखू नये. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथील हिवाळ्यात नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. परक्या हवेत त्यांची प्रकृती ढासळत गेली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या क्षयाने निवर्तल्या. एकविसाव्या वर्षी! क्षय थंडीने होत नाही हे खरे. पण परक्या मुलखात प्रकृती जपणे हे अर्धे काम आहे, हा धडा त्यातून घ्यावा.

आता काय वगळावे? किटली आणि इस्त्री घरीच ठेवावी. आगीच्या भीतीने जहाजाच्या खोलीत ती चालत नाहीत. खोली दोघांत एक आणि चिंचोळी. ट्रंकेऐवजी घडी होणारी कापडी पिशवी न्यावी. अमेरिकेत उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. मांसाचे पदार्थ तर नेऊच नयेत. पासपोर्ट, खलाशाची पुस्तिका, वैद्यकीय दाखला, नोकरीचा करार, चिठ्ठीसह औषधे आणि एक स्वेटर ही सर्व हातातल्या पिशवीत असावीत. मोठे सामान वाटेत हरवले तरी अडणार नाही.

बांधाबांधीहून मोठी एक गोष्ट शेवटी निघाली. मुलाकडून एका दलालाने “जागेचे” म्हणून पैसे मागितले होते. पाटल्यांचा अर्धा हिशेब तोच होता. २००६ साली जिनेव्हा येथे झालेला सागरी कामगारांचा करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पुस्तिका आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्चही मालकाचा. दलालाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे आधी पाहावे. आमच्या सांगण्यावरून मुलाने परवाना पाहावयास मागितला, तेव्हा पैशांची मागणी आपोआप थांबली.

मुलगा कापडी पिशवी घेऊन गेला. आईने स्वतः विणलेली कानटोपी आणि जपमाळ तेवढी वर ठेवली होती. त्याचे पत्र आले आहे. टोपीची आठवण त्यात आहे, कोटाची नाही. पाटल्या माउलीच्या हातात आहेत.

आपल्या घरातून कोणी अशा प्रवासास निघत असेल, तर सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी सामान आणि कागद घेऊन आमच्या पडवीत यावे. आपण एकत्र बसून बांधाबांध करू.