काल्पनिक जहाजाची खरी बांधणी



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती गैर नाही. आज मात्र आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत. आमच्या युनियनच्या कचेरीत सभासदांची मुले येतात-जातात. त्यांतली काही संगणकाच्या पडद्यावर महिनोन्महिने एक जहाज बांधीत बसतात. जहाज कोणते, तर जे जगात कधी नव्हतेच ते! हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे पुष्कळ सभ्य गृहस्थ म्हणतात. आमचे मत तसे नाही. या उद्योगात नकाशा आहे, मोजमाप आहे, कामाची वाटणी आहे आणि अखेरीस मालकीचा प्रश्नही आहे. हे सारे जिथे आहे तिथे आमच्यासारख्याला बोलण्याचा अधिकार पोहोचतो, असे आम्ही समजतो.

प्रथम खेळाची ओळख करून देऊ. त्याचे नाव माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने तो रचला आणि 2009 साली लोकांपुढे ठेवला. बहुतेक खेळांत जिंकणे-हरणे असते. इथे ते असलेच पाहिजे असे नाही. एक अफाट जग आहे आणि ते घनाकृती ठोकळ्यांचे आहे. ठोकळा उचलावा, दुसरीकडे ठेवावा, त्यातून घर, किल्ला, पूल काय हवे ते उभारावे. लहान मुले वाळूत घरटी करतात तशातला हा प्रकार. परंतु वाळूला माप नसते, या ठोकळ्याला आहे. प्रत्येक ठोकळा लांबी, रुंदी आणि उंचीने बरोबर एक मीटर धरला जातो. खेळणाऱ्याचा जो पुतळा त्या जगात वावरतो तो 1.8 मीटर उंच असतो. म्हणजे माणूस आणि वस्तू यांचे प्रमाण आधीच ठरून गेलेले आहे. पुढची सारी गंमत, आणि सारी अडचणही, या एका गोष्टीतून निघते.

आता जहाज. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झाली आणि 1969 मध्ये बंद पडली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली होती. तेव्हा आपणांपैकी काहींना ते जहाज आठवत असेल. पुढे मोठी बशी, मागे सिगारसारखे धड, आणि दोन बारीक खांबांवर उचलून धरलेल्या दोन लांब नळ्या. नाव एंटरप्राइझ. कथेतली त्याची मापे ठरलेली आहेत. लांबी 289 मीटर, बशीचा व्यास 127 मीटर, उंची सुमारे 73 मीटर, आणि आत 430 माणसे.

हे झाले कथेत. प्रत्यक्षात काय होते? लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिक यांचा सुमारे साडेतीन मीटर लांबीचा एक नमुना होता. तो 1974 पासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. या नमुन्याची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. आतल्या दिव्यांच्या तारा त्याच्या डाव्या अंगाने आत नेल्या होत्या. त्यामुळे चित्रीकरण उजव्या अंगाने होई आणि डावे अंग अपुरे ते अपुरेच राहिले. प्रेक्षकाला जहाज पूर्ण दिसे; प्रत्यक्षात ते अर्धेच रंगवलेले होते.

आतल्या खोल्या तर आणखी निराळ्या. त्या स्टुडिओत, सुट्या सुट्या, कॅमेऱ्याच्या सोयीने उभारलेल्या असत. जहाजाबरोबर जी छोटी होडी दाखवली आहे, गॅलिलिओ नावाची, तिचा बाहेरचा सांगाडा इतका आखूड आणि बुटका होता की, आतल्या देखाव्यात ताठ उभी राहिलेली माणसे त्यात मावलीच नसती. नाटकात हे चालते. पडद्यावर रंगवलेल्या राजवाड्यात कोणी झोपायला जात नाही. परंतु ठोकळ्यांच्या जगात खेळणारा दार उघडून आत जातो, आणि मग बाहेरचे माप आणि आतले माप यांचा हिशेब जुळावाच लागतो.

सप्टेंबर 2010 मध्ये एका खेळाडूने एंटरप्राइझचेच नाव लावणारे नंतरच्या मालिकेतले जहाज माइनक्राफ्टमध्ये पूर्ण मापाने उभारल्याची ध्वनिचित्रफीत जगभर पाहिली गेली. ही दुसरी मालिका 1987 ते 1994 या काळातली. तिच्यातले जहाज 642 मीटर लांब आणि 42 मजल्यांचे आहे. खेळातला माणूस सेकंदाला साधारण 4.3 मीटर चालतो. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जायला अडीच मिनिटे हवीत. त्या वेळी खेळातल्या जगाची उंची अवघी 128 ठोकळे होती, हेही ध्यानात घ्यावे. ती 2012 साली 256 झाली आणि 2021 साली तळ-माथा धरून 384. तेव्हापासून अशा जहाजांची बांधणी अनेकांनी केली आहे. एकट्याने केली आहे, टोळीनेही केली आहे.

ती कशी करतात, हे आता जरा सविस्तर पाहू. आम्ही आरेखन वाचायला शिकलो ते शाळेत नव्हे, कारखान्याच्या फाटकाबाहेर फिटर लोकांच्या तोंडून. त्यामुळे यात आम्हाला विशेष रस आहे.

पहिला पेच गोलाचा. चौकोनी ठोकळ्यांनी बशी गोल कशी करायची? पहिल्या एंटरप्राइझची 127 ठोकळ्यांची बशी घेऊ. व्यास विषम आहे, हे एका अर्थी बरे, कारण मध्यावर नेमका एक ठोकळा येतो. आता वर्तुळाच्या सर्वांत पुढच्या टोकापासून सुरुवात करा. पहिल्या ओळीत 15 ठोकळे सरळ बसतात. एक ओळ मागे आलात की दोन्ही बाजूंना सहा सहा वाढतात. पुढच्या ओळीत चार चार, मग तीन तीन, पुन्हा तीन तीन, मग दोन दोन. असे करीत करीत तिरक्या भागात एकास एक अशी पायरी पडते, आणि तिथून पुढे तोच क्रम उलटा. हे आकडे पायथागोरसाच्या सिद्धांतावरून निघतात. कोणाही मुलाने वहीत काढून पाहावेत. पाव वर्तुळ एकदा बरोबर मोजले की उरलेले तीन पाव ही त्याची आरशातली नक्कल. शाळेत ज्या मुलाला वर्तुळाच्या समीकरणाची झोप येते तोच मुलगा इथे एक ठोकळा चुकला म्हणून दोन ओळी उखडतो, हे आम्ही पाहिले आहे.

या बशीच्या एका मजल्याचे क्षेत्रफळ काढा. सुमारे 12,600 चौरस मीटर भरते, म्हणजे तितकेच ठोकळे. सेकंदाला एक, न थांबता ठेवत गेले तरी साडेतीन तास. हा केवळ एका मजल्याचा तळ झाला. भिंती, जिने, दिवे बाजूलाच राहिले. नक्कल करणारी साधने आहेत, त्यांनी पुष्कळ वेळ वाचतो. पण काय नक्कल करायचे ते आधी कोणीतरी हाताने बसवलेले असावे लागते.

दुसरा पेच जाडीचा, आणि तो जास्त खोल आहे. खऱ्या जहाजाचा पत्रा मिलिमीटरांत मोजतात. इथे साधी भिंतदेखील एक मीटर जाड! पाच-पाच मीटरांवर भिंत घातली तर प्रत्येक खोलीचा पाचवा हिस्सा भिंतीनेच गिळला. मजल्याचेही तेच. तीन मीटरांचा मजला धरला आणि एक मीटर तळात गेला, तर खाली दोनच मीटर उरतात, 1.8 मीटरचा माणूस कसाबसा मावतो. बरे, प्रत्येक मजला अर्धा मीटर वाढवू म्हटले, तर 42 मजल्यांचे जहाज 21 मीटर उंच होते आणि बाहेरचा घाट बिघडतो. मग अर्ध्या उंचीच्या फरश्या, काचेची तावदाने, झडपा असल्या पातळ वस्तू भिंतीच्या जागी वापरून मार्ग काढतात. कोणत्या ठिकाणी मापाशी इमान राखायचे आणि कोणत्या ठिकाणी माणसाच्या सोयीशी, हे बांधणाराच ठरवतो. आम्हाला विचाराल तर माणसाच्या सोयीला आधी मत देऊ. पण हा आमच्या धंद्याचा गुण आहे.

तिसरा पेच मोठा मजेचा आहे. पहिल्या एंटरप्राइझच्या माथ्यावर घुमट आहे आणि त्यात कप्तानाचे दालन. घुमटाच्या बाहेर, बरोबर मागच्या बाजूला, उद्वाहकाची नळकांडी दिसते. आतल्या देखाव्यात मात्र उद्वाहकाचे दार कप्तानाच्या थेट पाठीमागे नाही, ते बाजूला सरकलेले आहे. दोन्ही खरे मानायचे तर सबंध दालन सुमारे 36 अंशांत वळवावे लागते. म्हणजे जहाज एकीकडे चालले आहे आणि कप्तान तिरपा पाहतो आहे! या प्रश्नावर भक्तमंडळींत वर्षानुवर्षे वाद झडले आहेत. कागदावर वाद घालता येतो. ठोकळ्यांत दार इथे किंवा तिथे, एवढेच शक्य असते.

हे जहाज ज्यांनी रेखले त्या मॅट जेफरीज यांच्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमानांवर काम केले होते. जहाजाचे बाह्यांग त्यांनी गुळगुळीत ठेवले. त्यामागे त्यांचा विचार असा की, यंत्रे आत असावीत, म्हणजे दुरुस्तीसाठी माणसांना बाहेरच्या पोकळीत जावे लागू नये. दुरुस्ती करणाऱ्याचा जीव रेखाटतानाच ध्यानात घेणारा आरेखक आमच्या फारसा पाहण्यात नाही. जहाजाच्या आत यंत्रांपर्यंत सरपटत जाण्यासाठी ज्या अरुंद नळ्या दाखवल्या आहेत, त्यांना पुढे ‘जेफरीज ट्यूब’ असेच नाव पडले. बांधणाऱ्या मुलांना आम्ही नेहमी विचारतो, कप्तानाचे दालन झाले, नळ्या झाल्या का? 430 माणसांच्या निजायच्या जागा, रांधायची जागा, ही कुठे आहेत? कॅमेऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडली. जहाजाला रोज पडते. जी मुले मनापासून बांधतात ती ही कामेही करतात, आणि नमुन्याचे अपुरे राहिलेले डावे अंगसुद्धा त्यांच्याकडे उजव्याइतकेच पुरे होते.

एक सवलत मात्र त्यांना आहे. या जगात बहुतेक ठोकळ्यांना वजन नाही; वाळू आणि खडी यांसारखे थोडेच ठोकळे खाली पडतात. बारीक खांबांवर तोललेल्या त्या नळ्या आधी हवेत बांधल्या आणि खांब मागाहून जोडले तरी चालते. खांब काढून घेतले तरी नळ्या तशाच अधांतरी राहतात. परातीवर काम करणाऱ्या आमच्या बांधकाम मजुरांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले.

राहिला मालकीचा प्रश्न. पेर्सन यांची कंपनी 2014 साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना घेतली. 2023 पर्यंत या खेळाच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एखादे भव्य जहाज उभे राहिले, ते हजारोंनी पाहिले, की खेळाची फुकट जाहिरात होते. जहाजाच्या आकृतीवरचा हक्क मालिकेच्या मालकांचा. आणि बांधणाऱ्याला पगार नाही. याला शोषण म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. कोणी हजेरी घेत नाही, कोणी काम काढून घेत नाही, कंटाळा आला तर माणूस उठून जातो. आमच्या सभासदांपैकी कितीजणांना असे उठून जाता येते?

परंतु मालकांची दृष्टी कशी असते त्याचा एक नमुना पाहा. ‘स्टार ट्रेक’च्या भक्तांनी स्वतः काढायच्या चित्रपटांसाठी सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी जून 2016 मध्ये नियम जाहीर केले. हे नियम चित्रपटांचे आहेत, ठोकळ्यांच्या जहाजांचे नव्हेत. त्यांत काम करणारे सारे हौशी असावेत आणि कोणाला मोबदला देऊ नये, असे म्हटले आहे. निधी जमवायचा तर तो 50,000 डॉलरच्या आत. आपली मालमत्ता राखण्याचा हक्क कंपनीला आहे, हे आम्हाला समजते. तरीही कष्टाचे दाम दिले तर नियमभंग, असा नियम वाचताना आमच्यासारख्याच्या भुवया वर जातातच.

म्हणून मुलांना आम्ही दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. एकत्र बांधणी चालते ते जग बहुधा कोणातरी एकाच्या यंत्रावर असते; त्याने ते बंद केले की जहाज गेले. तेव्हा दर आठवड्याला त्याची प्रत प्रत्येकाने आपापल्याकडे काढून ठेवावी. आणि या खेळात लाकडी पाट्या आहेत, त्यांवर अक्षरे लिहिता येतात. कचेरीतल्या मुलांनी यंत्रदालनाच्या दाराशी तशा चार पाट्या लावल्या आहेत. बशीचे वर्तुळ कोणी मोजले, तळ कोणी घातला, दिवे कोणी बसवले, नळ्यांत कोण शिरले, अशी नावे त्यांवर आहेत. पाचवी पाटी अजून कोरी आहे, कारण डाव्या अंगाची एक नळी व्हायची आहे.