झोप येत नाही? आधी खोली तपासा!

माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती! पण विषय जिव्हाळ्याचा आहे. विषय आहे झोप.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. मशीन शॉपच्या प्रॅक्टिकलला मी लेथवर जॉब बसवला, चकची किल्ली चकमध्येच विसरले आणि हात लिव्हरकडे नेला. मशीन सुरू झालं असतं तर ती किल्ली गोळीसारखी सुटली असती. वर्कशॉपच्या सरांनी माझा हात वरच्यावर धरला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, रात्री झोपली होतीस का?" मी गप्प. सलग तीन रात्री चार तासांच्या वर झोप झाली नव्हती. आणि ती अभ्यासामुळे नव्हे हं! पडून राहायचे, पण झोपच लागत नव्हती.

मग ठरवलं, आपण इंजिनिअर होणार ना, तर हा प्रॉब्लेमही तसाच सोडवू. आमची रूम तिघींची, सगळ्यात वरच्या मजल्यावर. कॉलेज विदर्भात, म्हणजे उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. शोध घेतल्यावर तीन गुन्हेगार सापडले.

पहिला, प्रकाश. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की, त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून 'आत्ता दिवस आहे की रात्र' हे मेंदूला कळवणं आहे. सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. आता गंमत बघा. आपली पांढरी एलईडी ट्यूब आतून बहुधा निळी एलईडीच असते, वर फॉस्फरचा थर. म्हणजे रात्री बारालाही मेंदूला वाटतं, अजून दिवसच आहे! मग झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. मोबाइल तर थेट नाकासमोर. उपाय स्वस्तातले केले. पिवळ्या बल्बचा टेबल लॅम्प, तोंड भिंतीकडे. दारावरच्या काचेला काळा चार्ट पेपर. मोबाइलचं चार्जिंग पलंगापासून लांब टेबलावर, म्हणजे अलार्म बंद करायला उठावंच लागतं. सकाळी मात्र पडदा पूर्ण उघडायचा, कारण शरीरातलं घड्याळ रोज उजेडावरच जुळवलं जातं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, या शोधाला 2017 सालचं नोबेल मिळालं आहे.

दुसरा, उष्णता. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. हातापायांतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते साधतं. पण खोलीच तापलेली असेल तर टाकणार कुठे? वरचा आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर ओततो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. आम्ही संध्याकाळी फरशी पाण्याने पुसून गाद्या खाली टाकल्या. आणि एक मोठी चूक सुधारली. खिडकीत कूलर लावून आम्ही बाकी सगळं बंद ठेवत होतो! एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यावरच कूलर चालतो. पण दमट हवा बाहेर गेली नाही तर पुढचं पाणी उडणार कसं? समोरची झडप उघडताच फरक पडला. पावसाळ्यात मात्र कूलरचा उपयोग नाही, तेव्हा नुसता पंखाच बरा.

तिसरा, आवाज. मेंदू एकसारख्या घरघरीला सरावतो, दचकतो तो अचानक बदलाला. म्हणून कूलरच्या आवाजात झोप लागते आणि कॉरिडॉरमधलं दार आपटलं की मोडते. दाराच्या फटीत जुन्या चादरीची गुंडाळी आणि चौकटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. आवाज बराच कमी झाला.

एवढं करूनही खरी अडचण राहिलीच, ती म्हणजे रूममेट! आमच्या एकीचा अभ्यास रात्री बारानंतरच सुरू होतो. ट्यूबवरून भांडण झालं, दोन दिवस अबोला. मग लक्षात आलं, घरची बेडरूम आई लावून देते, हॉस्टेलची खोली तिघींनी मिळून लावावी लागते. शेवटी करार लिहून कपाटावर चिकटवला. साडेअकराला ट्यूब बंद, ती लॅम्पवर वाचणार, फोनवर बोलायचं तर बाहेर. बदल्यात सकाळी आम्ही दोघी बादल्या आपटणार नाही, ट्यूब लावणार नाही. खरं सांगते, चार्ट पेपरपेक्षा या करारानेच जास्त काम केलं.

रेक्टर मॅडमना एक नम्र विनंती : उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात फिरवून द्याल का? पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. वरचा मजला दुवा देईल!

आता बहुतेक रात्री सात तास झोप होते. परीक्षेच्या दिवसांत अजूनही गडबड होते, नाही असं नाही. पण त्यानंतर चकची किल्ली एकदाही चकमध्ये राहिलेली नाही. सर मात्र अजून दर प्रॅक्टिकलला विचारतात, "काय, झोप झाली का?"

असो. साडेअकरा वाजत आले. करार मीच लिहिलाय, तेव्हा ट्यूब बंद करते. शुभ रात्री!