दांडा वाढला, तोल बदलला

गोल्फ क्लबचा पोलादी दांडा अर्ध्या इंचाने वाढवणं घरच्या घरी जमतं. मुठीवरचं रबर धारदार पात्याने चिरून काढलं की आत पोकळ नळी दिसते. तिला आतून पॉलिश पेपर मारायचा, जोडतुकड्याला इपॉक्सी फासायचं आणि तो फिरवत फिरवत आत बसवायचा. मग रात्रभर हात लावायचा नाही.

खरी गंमत पुढेच आहे. डोक्याचं वजन तेच, पण ते मुठीपासून लांब गेल्याने हाताला जड लागतं. तरफेचा नियमच तो! अर्ध्या इंचाला स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना डोकं किती जड लागतं याचं माप, साधारण ३ अंकांनी चढतं, म्हणजे डी-० चा क्लब डी-३ होतो. दांडाही जरा लवचिक वाटतो.

नियमानुसार पटर सोडला तर कोणताही क्लब ४८ इंचांहून लांब चालत नाही. तेव्हा आधी टेप, मग इपॉक्सी.