पहिला माइक घेताना: आधी प्रश्न, मग किंमत

संशोधनासाठी घरीच आवाज रेकॉर्ड करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कमी पैशात कोणता माइक घेऊ?’ मॉडेलची नावं शोधण्याआधी स्वतःला विचारा, या रेकॉर्डिंगमधून मला नेमकं काय मोजायचंय? मुलाखत ऐकून नुसते शब्द उतरवून घ्यायचे असतील, तर हातातला फोनही पुष्कळ झाला. पण उच्चारांचा अभ्यास असेल, तर माइक हे मोजमापाचं साधन ठरतं. फूटपट्टीच चुकीची असेल, तर पुढचं गणित कितीही चोख केलं तरी उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चार वेगळे आहेत. ‘चाक’ म्हणताना जीभ दातांच्या जवळ जाते आणि घर्षणाचा आवाज जास्त वरच्या, काही हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढंच वाहून नेते. तसल्या कॉलवरून हा फरक मोजायला गेलात, तर मोजायची गोष्ट बरीचशी फाइलमध्येच नसते. जे टिपलंच गेलं नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही.

आता माइकचे दोन मुख्य प्रकार बघू. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. ते चुंबकाजवळ हललं की वीज तयार होते. हा माइक दणकट असतो आणि त्याला वेगळी वीज लागत नाही, पण त्याचा सिग्नल क्षीण असतो. तो वाढवताना स्वस्त यंत्रात ‘हिस्स’ असा आवाज मिसळू शकतो. १९६६ पासून स्टेजवर दिसणारा शुअर एसएम५८ याच प्रकारातला. त्याचा पट्टा ५० ते १५,००० हर्ट्‌झ. कंडेन्सर माइकला वीज द्यावी लागते, बहुतेक वेळा इंटरफेसमधून ४८ व्होल्ट. त्याचा पडदा हलका असल्याने वरच्या पट्ट्यातले बारकावे तो सहसा चांगले टिपतो.

‘कंडेन्सर घरातला सगळा गोंगाट ओढून घेतो’ असं सर्रास ऐकायला मिळतं. खरं तर आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: माइक तोंडापासून किती लांब आहे आणि तो कोणत्या दिशांनी ऐकतो. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ वर आणला, तर १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकटात! शिवाय कार्डिऑइड माइक मागून येणारा आवाज कमी घेतो. म्हणून त्याची पाठ फ्रिजकडे किंवा खिडकीकडे ठेवा.

पण जवळ आणण्यातही एक गोम आहे. कार्डिऑइड माइक तोंडाच्या फार जवळ आला की खालचे स्वर फुगतात. ‘म्ह’, ‘न्ह’ यांसारख्या महाप्राण ध्वनींचा अभ्यास करताना आवाजातल्या पहिल्या दोन हार्मोनिक्सच्या ताकदीतला फरक मोजतात. वक्ता मागेपुढे हलला, तर तो आकडा माइकमुळेच बदलू शकतो. म्हणून अंतर पक्कं करा. अशा कामाला सर्व दिशांनी ऐकणारा, कॉलरला लावायचा माइक बरा. त्यात हा दोष नसतो.

मग घ्यायचं काय? एकाच व्यक्तीचा आवाज संगणकावर घ्यायचा असेल, तर यूएसबी कंडेन्सर पुरतो. पुढे दोन व्यक्तींचं संभाषण घ्यायचं असेल, तर दोन माइक लागणारा इंटरफेस आणि एक्सएलआर माइक हा मार्ग धरा, कारण दोन यूएसबी माइक एका संगणकावर चालवणं कटकटीचं असतं. बजेटमध्ये स्टँड आणि तोंडासमोरची जाळी आधीच धरा. गोधडी किंवा कपड्यांचं कपाट प्रतिध्वनी कमी करतं, पण पंख्याची घरघर त्याने जात नाही. त्यासाठी पंखा बंदच करावा लागतो.

पहिल्या खऱ्या रेकॉर्डिंगआधी ही चाचणी करा. डब्ल्यूएव्ही फाइल, ४४.१ किलोहर्ट्‌झ, निदान १६ बिट. आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. तीस सेकंद नुसती शांतता, मग ‘चहा, चाक’ असे शब्द. ही फाइल प्रात या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन्ही च स्पेक्ट्रोग्राममध्ये वेगळे दिसले, तर माइक कामाचा आहे. नाही दिसले, तर नवीन माइक शोधण्याआधी अंतर आणि खोली तपासा.

एवढी खटपट कशासाठी? बोलीभाषेतले जुने उच्चार जपणाऱ्या एखाद्या आजी दोन तास तुमच्यासमोर बसतात. सॉफ्टवेअर वाया गेलं तर नवीन घेता येतं. त्या बैठकीचं तसं नाही.