चटका बसला? आधी नळाकडे!

दिवाळीचा फराळ चाललेला असतो. कढईत चकली सोडताना तेल उडतं. एरवीही कधी कुकरचं झाकण उघडताना वाफ हातावर येते, तर कधी चहाचं पातेलं उतरवताना सांडशी निसटते. चटका बसतो आणि घरात एकच गडबड उडते. कुणी हळदीचा डबा शोधतं, कुणी टूथपेस्ट आणतं, कुणी म्हणतं शाई लावा! या गडबडीत सगळ्यांत आधी करायची गोष्टच राहून जाते. ती म्हणजे साधं पाणी.

पाणीच का?

मुलांनो, गरम भांड्यावरून हात काढला की भाजणं थांबलं, असं आपल्याला वाटतं. पण गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ तापलेला राहतो ना, तसंच त्वचेचं होतं. आत शिरलेली उष्णता आणखी खोल जात राहते. म्हणून भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि घड्याळ बघून २० मिनिटं धरून ठेवा. दोन मिनिटांत आग कमी झाली तरी हात काढायचा नाही! नळाला पाणी नसेल, तर बादलीतलं स्वच्छ पाणी तांब्याने ओतत राहा. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो. अंगठी, बांगडी, घड्याळही लगेच काढून ठेवा, कारण सूज आली की ते निघत नाही.

बर्फ मात्र लावू नका. अति थंडीने त्वचेला आणखी इजा होते. तूप-तेलाचा थर उष्णता आतच कोंडतो. हळद आणि शाईने जखमेचा रंग झाकला जातो, आणि किती भाजलंय हे डॉक्टर त्या रंगावरूनही ओळखतात.

किती भाजलंय?

भाजण्याचे प्रकार पाडण्याची पद्धत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत चार प्रकार सांगितले आहेत. आजचे डॉक्टर, त्वचा किती खोलवर भाजली ते पाहतात.

वरवरचं : त्वचा लाल होते, झोंबते, पण फोड येत नाही. साधारण आठवडाभरात बरं होतं.

मधलं : पाण्याने भरलेले फोड येतात, त्वचा ओलसर दिसते आणि खूप दुखतं. बरं व्हायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

खोल : त्वचा पांढरट, तपकिरी किंवा काळी पडते, चामड्यासारखी कडक लागते. आणि गंमत नव्हे, धोका असा की इथे फारसं दुखतच नाही! कारण वेदनेची बातमी मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंची टोकंच जळालेली असतात. तेव्हा ‘दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलंय’ असं कधीही समजू नका.

जागा मोजायला पट्टी नको. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का भाग.

पाण्यानंतर काय?

स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने जखम सैलसर झाका. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढून काढू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

• भाजलेली जागा पंज्याहून मोठी असेल तर
• चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली असेल तर
• त्वचा पांढरी किंवा काळी पडली असेल तर
• विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल तर
• लहान बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर
• नंतर ताप आला, पू झाला किंवा दुखणं वाढलं तर

जास्त भाजलं असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पाणी चालू ठेवा, पण बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळा, म्हणजे थंडी भरणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हेही डॉक्टरांना विचारा.

आई-बाबांसाठी

६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचाही पाचएक सेकंदांत खोलवर भाजू शकते. बाळाची त्वचा तर आणखी पातळ. म्हणून मांडीवर बाळ असताना चहाचा कप हातात नको. पातेल्याचा दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा.

आणि मुलांनो, आजी म्हणाली, “अगं, हळद लाव पटकन,” तर तिच्याशी वाद घालत बसू नका. “आजी, आधी तू घड्याळ बघ, वीस मिनिटं झाली की सांग,” असं म्हणा आणि नळ सोडा!